टँकर हललाच नाही

माणसाने आपलं नाव मोठ्या अक्षरांत लिहावं, माझी काही हरकत नाही. नाव त्याचं, हौस त्याची. पण नाव लिहून झाल्यावर कॅप्स लॉक तसाच चालू ठेवायचा, समोरचं काही हलत नाही म्हणून चिडायचं आणि त्या रागात सहावीतल्या मुलीला चारचौघांत खोटं पाडायचं, हे मला अजून पचलेलं नाही. लोक म्हणतात, सोडून द्या मॅडम. मी भाजीवाल्याला कोथिंबिरीची जुडी सोडत नाही, हे कसं सोडू?

मी बेळ्ळंदूरच्या एका खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. माझं माहेर निपाणीकडचं, शाळा मराठी. बेंगळुरूला आले तेव्हा इंग्रजी फक्त वाचता येत होतं आणि कन्नड फक्त भांडता येण्याइतकं. मल्लेश्वरमला एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आधी शिकले, मग तिथेच शिकवायला लागले. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा घासाघीस करून जुने कॉम्प्युटर घेतले आणि पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत स्वतःचा क्लास काढला. की-बोर्डवर रोज पीठ साचायचं. ते झटकत झटकत मी एकेक गोष्ट स्वतःच शिकले. लोगोही तसंच. माझ्याकडे मोठी पदवी नाही, आणि हे शाळेत कुणी मला विसरू देत नाही.

ज्यांना लोगो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायची भाषा. पडद्यावर एक छोटं कासव असतं. त्याला 'फॉरवर्ड पन्नास' म्हटलं की ते पन्नास पावलं पुढे जातं, 'राइट नव्वद' म्हटलं की काटकोनात वळतं. बहुतेक शाळांत मुलं त्याच्याकडून चौकोन काढून घेतात, चांदणी काढून घेतात आणि संपलं. माझा सहावीचा वर्ग तिथे थांबत नसे. मी त्यांना खेळ करायला लावत असे, की-बोर्डवर चालणारे.

त्यात एक गंमत आहे. लोगोमध्ये 'कीबोर्डऑन' म्हटलं की कॉम्प्युटर कान टवकारून बसतो. तुम्ही कळ दाबली की त्याला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो. लहान डब्ल्यू म्हणजे एकशे एकोणीस. मग तुम्ही त्याला सांगायचं, एकशे एकोणीस आला तर कासव वर ने, अमुक आला तर डावीकडे, तमुक आला तर उजवीकडे. तोवर दुसऱ्यांनी केलेले खेळ खेळणाऱ्या मुलांना हे पहिल्यांदा कळतं, तेव्हा ती कळेवरून बोट उचलून बघत राहतात. आपण बटण दाबतो तेव्हा पलीकडे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. आता ते कुणीतरी म्हणजे आपण.

माझ्या वर्गाचा एक नियम होता. आपला खेळ आपण खेळून दाखवायचा नाही. खुर्चीवर दुसऱ्याला बसवायचं, आपण मागे उभं राहायचं, हात मागे आणि तोंड बंद. खेळणारा उठेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. तो चुकीची कळ दाबेल, खेळ अडकेल, तो वैतागेल, तरी गप्प. खेळणारा कधीच चुकत नाही. त्याला कळलं नाही तर करणाऱ्याने नीट केलं नाही. तो उठला की मग विचारायचं, सांगायचं, दुरुस्त करायचं.

हा नियम मी पुस्तकातून घेतला नव्हता. जन्मभर बाजारात उभी राहून शिकले होते. जो दुकानदार गिऱ्हाइकाला चूक ठरवतो त्याचा माल पडून राहतो. मुलांना सुरुवातीला हा नियम म्हणजे छळ वाटायचा. एक मुलगा तर ओठ दातांत धरून उभा राहायचा. पण महिन्या-दोन महिन्यांत त्यांचे खेळ असे काही सुधारायचे की बघत राहावं.

या वर्षी शाळेच्या संचालकांनी ठरवलं की लोगो जुनं झालं. टॅबलेटवरचा एक तयार कोर्स आणायचा, त्यात मुलं रंगीत ठोकळे सरकवतात आणि पडद्यावरचं अस्वल नाचतं. संचालक नावामागे डॉक्टर लावतात, कशातले ते मी कधी विचारलं नाही. त्यांचं म्हणणं, पालक एवढे मोठे इंजिनियर, त्यांना काय कासव दाखवायचं? मी म्हटलं, पाढे कासवापेक्षाही जुने आहेत, ते काढणार का? प्रिन्सिपल मॅडमनी मला टेबलाखालून पाय लावला. त्या मूळच्या धारवाडच्या, स्वभावाने सरळ, पण नोकरीला जपणाऱ्या.

मग आमचा सौदा झाला. संचालक, प्रिन्सिपल आणि मी. वार्षिक प्रदर्शनात सहावीच्या मुलांचे खेळ मांडायचे. पालकांना आवडले, नीट चालले, तर पुढच्या वर्षीही तो तास लोगोचा. नाहीतर टॅबलेट. मी त्याच वेळी ओळखलं होतं की कोर्सवाल्यांशी बोलणं जवळजवळ पक्कं झालेलं आहे. पण शब्द दिलेला होता, आणि दिलेला शब्द मी वसूल करते.

वर्गात एक मुलगी होती. घरात मराठी बोलणारी, पण तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. तिची मराठी ऐकली तर आमच्या निपाणीचे लोक हसतील आणि कन्नडवाले म्हणतील ही आपलीच. मी वर्गात इंग्रजीच बोलते, पण ती माझ्याजवळ येऊन हळूच "मिस, स्वल्प बघता?" म्हणायची, स्वल्प म्हणजे कन्नडमधलं जरासं. फार हुशार वगैरे नव्हे. चिकट होती. एखादी गोष्ट चालत नसेल तर जेवणाचा डबा न उघडता बसून राहायची.

तिचा खेळ टँकरचा होता. बेळ्ळंदूरला राहणाऱ्या मुलाला टँकर वेगळा समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात तिच्या अपार्टमेंटच्या गेटवर सकाळी पहिला आवाज टँकरच्या हॉर्नचा. तिने कासवाचा टँकर केला. रस्त्यावर खड्डे, मधे एक गाय, पलीकडच्या टोकाला अपार्टमेंट. टँकर तिथे पोचवायचा. आणि तिची स्वतःची युक्ती अशी, की टँकर गळका. प्रत्येक कळ दाबली की थोडं पाणी सांडतं. कोपऱ्यात निळी पट्टी, ती खाली खाली जाते. म्हणजे उगाच इकडेतिकडे कळा बडवल्या तर पोचेपर्यंत टँकर रिकामा. पट्टी संपली की पडद्यावर 'वॉटर ओव्हर'. शाळेत सगळे तो खेळ खेळायला रांग लावायचे. ड्रिलचे सर सुद्धा एकदा येऊन बसले आणि गायीजवळ त्यांचं पाणी संपलं.

ही युक्ती मी तिला सांगितली नव्हती. हे मला नीट लिहून ठेवायचं आहे. मी फक्त विचारलं होतं की तुझ्या खेळात माणूस विचार का करेल. ती दोन दिवसांनी गळका टँकर घेऊन आली.

प्रदर्शनाच्या दिवशी लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मुलं आपापल्या कॉम्प्युटरमागे हात मागे बांधून उभी. पालक खेळत होते, अडत होते, हसत होते. एका आजोबांनी तर फळं गोळा करायच्या खेळात इतका वेळ लावला की त्यांच्या सुनेला त्यांना उठवून न्यावं लागलं. मला वाटलं, सौदा जिंकला.

मग संचालक आले. बरोबर कोर्सवाले दोघे, मागे पालकांचा घोळका. कुणीतरी म्हणालं की टँकरचा खेळ बघा सर. ते टँकरसमोर बसले.

खेळ सुरू होताना आधी नाव विचारत असे. मुलीने ते हौसेने घातलं होतं, शेवटी शाबासकी नाव घेऊन द्यायची म्हणून. संचालकांनी कॅप्स लॉक दाबला आणि डॉक्टरपासून आडनावापर्यंत आपलं सगळं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. मग एंटर. पडद्यावर रस्ता आला, गाय आली, कोणत्या कळा वापरायच्या ते आलं. त्यांनी डब्ल्यू दाबला.

टँकर हललाच नाही. पाणी मात्र कमी झालं.

आता तुम्हाला कारण कळलं असेल. कॉम्प्युटर अक्षर बघत नाही, आकडा बघतो. लहान डब्ल्यू एकशे एकोणीस, पण मोठा डब्ल्यू सत्त्याऐंशी. मुलीने सत्त्याऐंशीचं काही सांगितलंच नव्हतं. पण पाणी कमी करायची ओळ तिने सगळ्यांत वर लिहिली होती, कुठली कळ आहे हे विचारायच्या आधी. त्यामुळे साहेब कळ दाबत होते, टँकर जागेवर, आणि पाणी सांडत होतं.

त्यांनी परत दाबला. मग दुसऱ्या कळा दाबल्या. मग दोन्ही हातांनी दाबल्या. निळी पट्टी सरसर खाली आली आणि 'वॉटर ओव्हर'. मागून कुणाचं तरी लहान पोर म्हणालं, "अंकल, तुमचा टँकर निघालाच नाही." पालक हसले. वाईट काही नव्हतं त्या हसण्यात. बेंगळुरूमध्ये टँकर न येण्यावर कुणीही हसतं.

संचालक हसले नाहीत. बसल्या बसल्याच वळून त्यांनी मुलीला विचारलं, "व्हाय इज इट नॉट मूव्हिंग?"

ती गप्प. हात मागे, तोंड बंद. ते अजून खुर्चीवर होते.

मी लॅबच्या दुसऱ्या टोकाला होते. घोळक्यातून वाट काढत पोचले तेव्हा त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं होतं, आणि ती त्यांच्याकडे न बघता की-बोर्डवरच्या कॅप्स लॉकच्या बारीक हिरव्या दिव्याकडे बघत होती. मीही दिवा बघितला. आयुष्याची सुरुवातीची वर्षं मी टाइपरायटरवर घालवली. साहेबांचं नाव कॅपिटलमध्ये टाइप करून मग शिफ्ट लॉक सोडायचा, हे माझ्या करंगळीला झोपेतही येतं. ती बोलू शकली असती. तिला कळलेलं होतं, मी तिच्या डोळ्यांत बघितलं.

संचालक उठायच्या आधी पालकांकडे वळले आणि म्हणाले, हाच तर आमचा मुद्दा आहे. पोरं स्वतः काही करत नाहीत. मिस करून देतात आणि पोरं मागे उभी राहतात. तिला विचारा, तिला स्वतःचा खेळ समजावून सांगता येत नाही. मग कोर्सवाल्यांना म्हणाले, चला. आणि उठून निघाले.

मी त्यांच्या पाठीमागून म्हटलं, "कॅप्स लॉक काढा आणि परत बसा." मोठ्याने म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं. त्यांनीही ऐकलं असणार, कारण त्यांची मान थोडी ताठ झाली. पण ते थांबले नाहीत.

मुलगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, निदान कुणी तरी तिची बाजू घेतली असती. ती एवढंच म्हणाली, "मिस, ते उठल्यावर मी सांगणार होते. ते उठले आणि गेलेच."

तिची आई शेजारीच उभी होती. तिने मला विचारलं, अगदी अदबीने, की मॅडम, हिला तुम्ही किती मदत केलीत? त्या प्रश्नाने मला संचालकांपेक्षा जास्त चटका बसला. म्हणजे ते वाक्य मुलीच्या घरी जाऊन बसणार होतं.

सोमवारी मी प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत गेले. रात्रभर शब्दांना धार लावून ठेवली होती. म्हटलं, सौदा मोडला गेलाय. वीसेक खेळ चालले, पालक खूश होते, एका माणसाने कळ चुकीची दाबली म्हणून तास जाणार? त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की निर्णय झालाय, टॅबलेटची गाडी येत्या महिन्यात येतेय. पण तुम्हाला लॅब जेवणाच्या सुट्टीत वापरता येईल, शनिवारीही. त्यावर संचालकांची सही मी घेते.

घासाघिशीत पहिली बोली कधी घ्यायची नाही. मी आणखी ताणलं असतं तर आठवड्यातला अर्धा तास तरी सुटला असता, मला खात्री होती. त्यांनाही होती, म्हणून त्या पुढच्या बोलीची वाट बघत बसल्या होत्या.

मी म्हटलं, "सुट्टी नको, शनिवार नको. तास पण घ्या. मी भांडणार नाही, पालकांना पत्रं लिहिणार नाही. फक्त संचालकांनी एकदा परत येऊन त्या खुर्चीवर बसायचं, आणि उठल्यावर तिचं ऐकायचं. तिच्या आईसमोर."

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

"एवढंच."

त्यांना वाटलं असणार, की ही बाई म्हातारी झाली. मला स्वतःलाही वाटलं. तो तास मी कित्येक वर्षांत उभा केला होता. पण मुलीच्या नावावर बसलेलं ते वाक्य उचलल्याशिवाय तो तास मला नको होता.

संचालक आले. हातात फोन होता, एक डोळा त्याच्यावर. मुलीची आई रजा टाकून आली होती. मधल्या दोन दिवसांत मुलीने खेळ दुरुस्त केला होता, पण त्यांना काही सांगितलं नाही. मागे जाऊन उभी राहिली. त्यांनी कॅप्स लॉक दाबला आणि परत सगळं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं, अगदी तसंच. बायका जन्मभर एकाच दुकानातून साबण घेतात, तसं असतं माणसांचं. मग त्यांनी डब्ल्यू दाबला आणि टँकर निघाला.

खरं सांगते, ते बरे खेळले. गायीला वळसा घातला, दोन खड्डे चुकवले आणि अपार्टमेंटला पोचले, पाणी थोडं उरलं होतं. पडद्यावर त्यांच्या त्या लांबलचक नावासकट शाबासकी आली. त्यांनी फोनने त्या शाबासकीचा फोटो काढला, मग उठून मुलीशेजारी उभे राहून प्रिन्सिपल मॅडमना आणखी एक काढायला लावला.

ते आता खुर्चीवरून उठलेले होते, फोटो झाल्याबरोबर मुलगी बोलायला लागली. पाठ केल्यासारखं नाही, पण न थांबता. आधी तिने जुना खेळ उघडून दाखवला, कॅप्स लॉक लावून, टँकर जागेवर आणि पाणी खाली. मग ओळ दाखवली. म्हणाली, "मी पाणी आधी कमी केलं आणि कळ नंतर विचारली. ते उलटं पाहिजे होतं. आणि मोठ्या अक्षरांचा आकडा वेगळा असतो, ते माझ्या लक्षात नव्हतं. आता दोन्ही चालतात." मग आईकडे बघून म्हणाली, "मिसनी यातलं काही केलं नाही. मिस फक्त ओरडतात."

तिची आई हसली. माझी खात्री झाली की घरातलं ते वाक्य उठलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं ना सगळं नीट. संचालक काय म्हणाले ऐका. "गुड, गुड," म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, पण मॅडम, प्रदर्शनाच्या दिवशी कॅप्स लॉक चालू कुणी ठेवला होता, त्याची चौकशी करायला पाहिजे. लॅबमध्ये शिस्त नको का?

 तोंड उघडलं असतं तर सौदा माझ्याकडून मोडला असता, आणि सौदा मोडणारी मी नाही. पण त्या दिवशी के. आर. पुरमपर्यंतच्या बसमध्ये मी मनातल्या मनात त्यांना मराठीत, कन्नडमध्ये आणि जी थोडी येते त्या इंग्रजीत जे सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

टॅबलेट आले. आता सहावीच्या तासाला मी वर्गात फिरते आणि कुणाची बॅटरी संपली ते बघते. मुलं ठोकळे सरकवतात, अस्वल नाचतं. कुणी चुकलं की अस्वलच सांगतं की इथे दाबा, आणि मूल तिथे दाबतं. कुणी कुणाला आपल्या खुर्चीवर बसवत नाही.

मागच्या आठवड्यात नव्या प्रवेशांसाठी शाळेने रंगीत पत्रक छापलं. पहिल्याच पानावर त्या टॅबलेट कोर्सची जाहिरात आहे, आणि जाहिरातीत फोटो. संचालक, त्यांच्या शेजारी ती मुलगी, आणि दोघांमधून दिसणारा लॅबचा जुना पडदा. पडद्यावर गळका टँकर अपार्टमेंटच्या गेटवर उभा. खाली लिहिलंय की आमच्या नव्या अभ्यासक्रमातून मुलं स्वतःचे खेळ घडवतात.

मुलगीच ते पत्रक घेऊन माझ्याकडे आली. मी वाचून टेबलावर आपटलं.

"मिस, हा तर लोगोतला आहे," ती म्हणाली. "त्यांना सांगू?"

मी तिला विचारलं, संचालक अजून खुर्चीवर बसलेत का?

तिने स्वल्प विचार केला. "अजून उठले नाहीत, मिस."

"मग हात मागे."

ती हसली आणि हात मागे बांधून उभी राहिली. तिचा नियम ती पाळेल. माझं वय झालंय, आणि हा नियम खेळ करणाऱ्याला आहे, मला नाही. म्हणून हे मी लिहिलं.